शंकेची पाल: घरातल्या लेपर्ड गेकोचं पोट आणि तब्येत कशी ओळखावी

मनात शंकेची पाल चुकचुकली, असं आपण म्हणतो. आमच्या घरी उलटं आहे. पाल गप्प असते, चुकचुकावं आम्हालाच लागतं.

चकली, आमची लेपर्ड गेको, न्यू जर्सीच्या घरी आली ती दिवाळीच्या आठवड्यात. शेपटीवर चकलीसारखे वेढ्यामागे वेढे, म्हणून लेकानं हे नाव ठेवलं. सासूबाईंनी सांगलीहून फोनवर विचारलं, "अगं, पाल घरातून हाकलायची असते की पाळायची?" या गोष्टीला सहा वर्षं झाली. आता व्हिडिओ कॉलवर त्यांचा पहिला प्रश्न नातवाचा असतो आणि दुसरा चकलीला शी झाली का, हा.

प्रश्न बरोबर आहे. लेपर्ड गेको आजारी पडला तरी ओरडत नाही, विव्हळत नाही, कोपऱ्यात जाऊन बसतो. आणि कोपऱ्यात तर तो एरवीही बसलेलाच असतो. रानात अशक्त दिसणारा जीव आधी खाल्ला जातो, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या हाडीमांसी आहे. आपल्याला तो आजारी दिसू लागतो तेव्हा दुखणं बरंच जुनं झालेलं असतं. म्हणून त्याच्याकडे बघून तब्येत ठरवायची नाही. फरशीचं तापमान, शी आणि वजन या तीन गोष्टींकडे बघायचं. ही सवय लावायला मला एक वाईट हिवाळा लागला, तो पुढे येईलच.

आधी हा प्राणी कोण ते थोडक्यात. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातली ही जमिनीवरची पाल. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली. हिच्या पायांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे भिंतीवर चढत नाही. आणि हिला उघडमीट करणाऱ्या पापण्या असतात, ज्या आपल्या घरच्या पालीला नसतात. हिची एक सख्खी बहीण पश्चिम भारतात, महाराष्ट्रातही राहते, आणि सातपुड्यातल्या आणखी एका बहिणीला २०१४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं. गावाकडे शेताच्या बांधावर किंवा दगडाखाली तशी ठिपक्यांची पाल दिसली तर ती तिथंच राहू द्या. ती विषारी नाही, मारायचं कारण नाही, आणि पकडून घरी आणायची तर मुळीच नाही. हा लेख पिंजऱ्यात जन्मलेल्या, रीतसर घेतलेल्या गेकोबद्दल आहे.

पायरी १: आधी फरशी मोजा

पचनाचा विषय तापमानाने सुरू होतो, कारण या प्राण्याच्या पोटातली चूल बाहेरून पेटवावी लागते. आपलं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतं, गेकोचं करत नाही. पाचक रस कामाला लागायला त्याला पोटाखाली ऊब लागते. ती नसेल तर गिळलेला किडा पोटात तसाच पडून राहतो, सडायला लागतो, आणि मग एकतर उलटून पडतो किंवा अर्धाकच्चा खालून बाहेर येतो.

टँकच्या, म्हणजे त्याच्या काचेच्या पेटीच्या, एका टोकाला जमिनीचं तापमान ३२-३३ अंश सेल्सिअस असावं, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९० च्या आसपास. दुसऱ्या टोकाला २४-२५ अंश. रात्री वीस-एकवीसपर्यंत उतरलं तरी चालतं. दोन्ही टोकांना लपायला जागा हवी, नाहीतर तो ऊब आणि आडोसा यांतलं एकच काहीतरी निवडतो, आणि बहुधा आडोसाच निवडतो. तिसरं एक दमट लपण, आत ओला मॉस किंवा ओला पेपर टॉवेल घालून. त्याचं काम कात टाकताना कळतं.

आता माझी चूक. काचेवर चिकटवलेला गोल थर्मामीटर दुकानातून टँकसोबतच मिळाला होता. तो हवेचं तापमान दाखवायचा आणि मी समाधानी असायची. एका फेब्रुवारीत चकलीनं जेवण टाळायला सुरुवात केली. मला वाटलं, हिवाळा आहे, होतं असं. मग एके दिवशी शीत रातकिड्याचे पाय दिसले. पाय म्हणजे अक्षरशः अख्खे पाय, काटेरी, कांद्याच्या सालीसारखे चकचकीत. तेव्हा कुठे टेंपरेचर गन, म्हणजे लांबूनच पृष्ठभागाचं तापमान दाखवणारं यंत्र, विकत घेतली आणि गरम टोकाच्या फरशीवर रोखली: २६ अंश. हीट मॅटच्या, म्हणजे ऊब देणाऱ्या विजेच्या चटईच्या, थर्मोस्टॅटचा (ठरलेल्या तापमानाला ती बंद करणाऱ्या यंत्राचा) सेन्सर चकलीनं उकरून मॅटवरून सरकवला होता, मी तो परत दाबताना नको तिथे चिकटवला होता, आणि मॅट वेळेआधीच बंद पडत होती. वही काढून वजनं पाहिली तर चार आठवड्यांत ६१ ग्रॅमवरून ५५ वर आली होती. वजनं मीच लिहिली होती. वाचली नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी चहा टाकला की गन घेऊन तीन जागी मोजते: गरम लपणाच्या आतली फरशी, मध्य, थंड टोक. मिनिटाचं काम आहे. हीट मॅट असो वा वरचा दिवा, थर्मोस्टॅटशिवाय लावू नका, कारण पोट भाजलेले गेको डॉक्टरांकडे नेहमी येतात. आणि काही कारणाने टँक थंड पडला, वीज गेली, तर ऊब परत येईपर्यंत खाऊ घालू नका. उपाशी मोठ्या गेकोचं दोन दिवसांत काही बिघडत नाही. थंड पोटात पडलेल्या किड्याने मात्र बिघडतं.

पायरी २: मोरीचा कोपरा ठरू द्या

या प्राण्याची एक सवय आपल्या फायद्याची आहे. तो शीला एकच कोपरा धरतो. बहुतेक गेको स्वतःच तो निवडतात आणि वर्षानुवर्षं बदलत नाहीत. त्या कोपऱ्यात पेपर टॉवेलची घडी किंवा गुळगुळीत फरशीचा तुकडा ठेवा. आमच्याकडे घर दुरुस्तीतून उरलेली टाइल आहे. रोज सकाळी एक नजर टाकायची, असेल ते उचलायचं, उचलण्याआधी बघायचं.

नवा गेको आणला असेल तर पहिले दोन-तीन महिने पूर्ण तळाला पेपर टॉवेलच ठेवा. माती, वाळू, नारळाचा भुसा नंतर. टॉवेलवर रंग, ओल, रक्ताचा ठिपका, सगळं दिसतं. भुशात काही कळत नाही. घरात आधीचा गेको असेल तर नव्याची खोली, चिमटा, पाण्याची वाटी सगळं वेगळं, आणि काम जुन्यापासून सुरू करून नव्यावर संपवायचं. "कॅल्शियम सँड" नावाची वाळू मिळते, ती खाल्ली तरी पचते असं पाकिटावर लिहिलेलं असतं. घेऊ नका. ती पोटात गोळा होऊन बसते.

पायरी ३: शी वाचायला शिका

जेवताना वाचत असाल तर हा भाग नंतर वाचा.

निरोगी शीचे तीन भाग असतात. एक गडद तपकिरी ते काळा, लांबट, आकार धरून राहणारा तुकडा. त्याच्या टोकाला पांढरा, खडूसारखा मऊ गोळा. हे युरेट, म्हणजे लघवीचा घट्ट झालेला भाग. आणि आजूबाजूला थोडी ओल. पांढरं दिसलं म्हणून घाबरणारे नवे पालक मी बरेच पाहिले आहेत, पांढरं हवंच. आठवड्यात दोन-तीनदा जेवणारा मोठा गेको जेवणानंतर साधारण एक ते तीन दिवसांत कोपरा गाठतो. पिल्लू रोज जेवतं, जवळजवळ रोज शी करतं.

मग बिघाड कसा दिसतो?

पांढरा भाग पिवळा-नारिंगी आणि कडक झाला, तर पाणी कमी पडतंय. पाण्याची वाटी रोज धुवून भरा, दमट लपणात ओल आहे का बघा. डोळे खोल गेलेत, कातडीची हलकी चिमूट घेतल्यावर ती उभीच राहतेय, असं असेल तर प्रकरण घरचं राहिलं नाही.

शीत किड्याचे ओळखू येणारे भाग दिसले की आधी पायरी एकवर परत जा. मीलवर्मचं (खाऊ म्हणून मिळणाऱ्या एका अळीचं) साल थोडंफार दिसतंच, ते कठीण असतं. त्यावरून घाबरायचं नाही. पण पाय, डोकी, अख्खे तुकडे वारंवार दिसू लागले तर एकतर ऊब कमी, नाहीतर किडा मोठा, नाहीतर आतड्यात कुणीतरी वस्तीला आलंय.

पातळ शी एकदा झाली तर नोंद करून सोडून द्या. नव्या घरी आल्यावर, प्रवासानंतर, जास्त मेणअळ्या खाल्ल्यावर होते. लागोपाठ तीनदा पातळ, किंवा डोकं उठवणारा वास, किंवा शेवाळासारखी शेंबडी झाली तर नमुना तपासायला द्या. लाल रक्त दिसलं तर तिसऱ्या वेळेची वाट बघू नका.

उलटी आणि शी यांतला फरकही ओळखता यायला हवा. उलटीत पांढरा गोळा नसतो, किड्याचा आकार बराच शाबूत असतो, वर चिकट लाळ असते, आणि ती कोपरा सोडून कुठेही पडलेली असते. एकदा उलटी झाली तर तीन-चार दिवस खायला देऊ नका, पाणी ठेवा, फरशी मोजा, मग एखादा लहानसा किडा देऊन बघा. दुसऱ्यांदा झाली तर डॉक्टर.

नमुना न्यायची पद्धत: शी ताजी हवी, चोवीस तासांच्या आतली. सुकू नये म्हणून किंचित ओल्या टिश्यूसोबत झिपच्या पिशवीत घाला, दुसऱ्या डब्यात बंद करा, फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका. आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडे लिहायचं राहिलं होतं आणि डबा लोणच्याच्या बरणीमागे गेला. पुढचं सांगत नाही.

प्रयोगशाळेत बहुतेक वेळा पिनवर्म, म्हणजे आतड्यातले बारीक जंत, निघतात. थोडे असले तर काही डॉक्टर औषधही देत नाहीत. कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, निघाले तर औषध आणि कडक साफसफाई. ज्याची खरी भीती बाळगावी तो क्रिप्टोस्पोरिडियम. हा जंतू लहान आतड्याच्या अस्तरात बसतो, त्यामुळे खाल्लेलं अंगी लागतच नाही. भूक असूनही शेपटी काडीसारखी होत जाते, म्हणून पाळणारे याला "स्टिक टेल" म्हणतात. खात्रीचा इलाज नाही. साध्या ब्लीचने तो मरत नाही. शीत तो रोज पडतोच असं नाही, त्यामुळे एक तपासणी निर्मळ आली म्हणून सुटलो असं समजू नये. पीसीआर चाचणी काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करतात. नवा गेको आला की त्याला दोन-तीन महिने वेगळं ठेवा म्हणतात ते यासाठीच.

पायरी ४: काटा आणि वही

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, एका ग्रॅमचा फरक दाखवणारा. पिल्लासाठी दशांश ग्रॅमचा घ्या, कारण अंड्यातून निघालेलं पिल्लू तीन ग्रॅमच्या आसपासच असतं. मात्र स्वयंपाकघरातला म्हणजे त्या जातीचा, तुमच्या स्वयंपाकघरातला नव्हे. गेकोचा काटा वेगळा घ्या. धडधाकट दिसणाऱ्या गेकोच्या आतड्यातही साल्मोनेला असू शकतो. हात लावला की साबणाने हात धुवायचे, टँकच्या वस्तू सिंकमध्ये धुवायच्या नाहीत, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात गेको द्यायचा नाही.

एक प्लास्टिकचा डबा काट्यावर ठेवा, शून्य करा, गेकोला हाताच्या ओंजळीत चढू द्या आणि डब्यात सोडा. वरून झडप घालून धरू नका, तो शेपटी टाकून देईल. शेपटी परत येते, पण कांद्यासारखी गोल आणि वेढ्यांशिवाय, आणि त्यात साठवलेली चरबी गेली ती गेलीच.

मोठ्याचं वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, जेवणाआधी. मादी साधारण ४५ ते ६५ ग्रॅम, नर ६० ते ८०, पण आकारात इतका फरक असतो की तुमच्या गेकोची तुलना इंटरनेटवरच्या गेकोशी नको, त्याच्याच मागच्या महिन्याशी करा. एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे होतात. एक चांगली शीच एक-दीड ग्रॅम भरते. महिन्यात दहा टक्के उतरलं तर कारण शोधायलाच हवं.

वहीत मी पाच रकाने आखलेत: तारीख, वजन, काय आणि किती खाल्लं, शी, गरम टोक. कात टाकली, पळापळ केली, औषध दिलं, असलं काही असेल तर समासात. त्याच दिवशी वरून एक फोटो काढायचा, तोही तसाच, त्याच टाइलवर. शेपटीचं बूड मानेइतकं जाड हवं. ती रोज बघणाऱ्याला बारीक होताना दिसत नाही, फोटोत दिसते. उलट शेपटी डोक्याहून रुंद आणि पोट जमिनीला घासतंय, तर आहार कमी करा. घरच्या गेकोंमध्ये अशक्तांइतकेच लठ्ठही दिसतात.

पायरी ५: किड्याच्या पोटातलं, मग याच्या पोटातलं

गेको फक्त किडे खातो. फळ नाही, भाजी नाही, शिजवलेलं काही नाही. रातकिडे, ड्युबिया झुरळं, मीलवर्म, काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या आलटून पालटून द्या. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. मेणअळी म्हणजे श्रीखंड, महिन्यातून एक-दोन. रोज दिली तर पोळीभाजीला तोंड लावणार नाही.

बहुतेक किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. म्हणून किड्यांना द्यायच्या आधी दिवसभर गाजर, पालेभाजी, रताळं असं खायला घाला आणि देताना कॅल्शियम पावडरीत घोळवा, भज्याचं पीठ लावतो तसं, पण अगदी हलकं. पावडरीत डी३ जीवनसत्त्व किती आणि कितीदा, हे टँकवर यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा आहे की नाही यावर ठरतं; कमी पडलं तर हाडं मऊ होतात, जास्त झालं तरी घातक. जबडा रबरासारखा लागतोय, पाय वाकलेत, बोटं थरथरताहेत, ही हाडांच्या आजाराची लक्षणं.

न खाल्लेले रातकिडे रात्री टँकमध्ये सोडू नका, ते झोपलेल्या गेकोला चावतात. बागेतले किडेही नकोत, कीटकनाशकाचा भरवसा नाही. आणि इथल्या जूनच्या संध्याकाळी अंगणात काजवे उतरतात ना, ते तर चुकूनही नाही. त्यांच्यातलं विष पाळीव सरड्यांना मारून टाकतं. एखादा काजवाही पुरतो. आमच्या लेकानं एकदा बरणीत धरून आणले होते, "चकलीला दिवा दाखवतो" म्हणून. झाकण उघडण्याआधी पकडला.

पायरी ६: खात नाही किंवा होत नाही

खात नाही, पण वजन टिकून आहे. मग कारण साधं असू शकतं. कात टाकायच्या आधी अंग पांढुरकं पडतं आणि एक-दोन दिवस भूक जाते. थंडीत दिवस लहान झाले की मोठे गेको मंदावतात. वसंतात नर जेवण विसरतात. मादी तर नर नसतानाही अंडी धरते. पोटाच्या पातळ कातडीतून दोन्ही बाजूंना फिकट लंबगोल दिसतात, ती उकरत राहते, जेवत नाही. तिला ओलसर मातीचा डबा द्या. उकरून, जोर लावून दिवस गेला आणि अंडी बाहेर आली नाहीत तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

खातोय, पण आठवडाभर शी नाही आणि पोट टणक, फुगलेलं आहे. हा बद्धकोष्ठ. पुन्हा फरशी मोजा, खाणं थांबवा, आणि कोमट पाण्यात बसवा: ३०-३२ अंश, त्याच्या कोपरापर्यंतच, पंधरा-वीस मिनिटं, तुम्ही समोरून न हलता. पोटाला खालच्या दिशेने बोटाने अगदी हलकेच फिरवलं तरी चालतं, दाबायचं नाही. दोन-तीन दिवस रोज करून बघा. सासूबाईंनी फोनवर एरंडेल सुचवलं होतं. आपल्या पिढ्या त्यावर वाढल्या, पण गेकोच्या तोंडात तेल घातलं तर ते फुप्फुसात जायची भीती असते. पोटावर गडद निळसर डाग, मागचे पाय ओढत चालणं, कुंथूनही काही न होणं, यांतलं एकही दिसलं तर आंघोळ पुरे, एक्स-रे काढा.

शेपटीखालच्या छिद्रातून लाल-गुलाबी मांस बाहेर आलं असेल तर ते ओलं ठेवणं एवढंच आपलं काम. सलाइनने भिजवलेला टिश्यू खाली, ऊब, आणि थेट दवाखाना. स्वतः आत ढकलू नका.

पायरी ७: डॉक्टर आधी शोधून ठेवा

कुत्र्या-मांजरांचा चांगला डॉक्टर सरड्यांचाही असेलच असं नाही. अमेरिकेत असाल तर सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यकांची संघटना आहे, एआरएव्ही. तिच्या संकेतस्थळावर जवळचा डॉक्टर शोधता येतो. गेको घरी आल्याच्या पहिल्या महिन्यात एकदा दाखवून आणि शी तपासून या, म्हणजे पुढे घाईत नवा नंबर शोधावा लागत नाही. थंडीत नेताना डब्याबाहेर कोमट पाण्याची बाटली गुंडाळून ठेवा आणि वही न्या. त्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी चकलीकडे एकदा पाहिलं आणि वहीकडे पाच मिनिटं. औषध लिहिलंच नाही. सेन्सर जागेवर बसल्यावर तिसऱ्या दिवशी टाइलवर व्यवस्थित शी होती. ६१ ग्रॅम परत यायला एप्रिल उजाडला.

राहिला भारतवारीचा प्रश्न. डिसेंबरात तीन आठवडे जायचं असेल तर शेजाऱ्याला लांबलचक सूचना देऊ नका, कुणी वाचत नाही. किडे मोजून डब्यांत भरा, डब्यांवर तारखा टाका, गन त्यांच्या हातात देऊन एकदा तुमच्यासमोर मोजायला लावा. आणि एवढंच सांगा की खाल्लं की नाही ते राहू दे, कोपऱ्यातल्या टाइलचा फोटो पाठव. मागच्या वर्षी माझ्या भाच्याच्या लग्नात, पंगतीत जिलबी वाढत असताना तो फोटो आला. मी सासूबाईंच्या पुढे फोन धरला. त्यांनी चष्मा वर केला, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "पांढरं आहे ना? मग जेव आता."